शिंगांची वही

बसमधून उतरले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि आश्रमाच्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमल्याचं पत्र होतं. थांब्यावर एक उंच, वाळका माणूस उभा होता. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, डोक्याला धुवून धुवून फिकट झालेलं भगवं फडकं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ट्रंकेकडं पाहिलं आणि बस निघून गेल्यावर माझ्या मागं रस्त्यावर लांबवर पाहिलं.

“शाळेतल्या नव्या बाई तुमीच काय?”

“हो.”

“गाय नाही आणली?”

मी अकोल्यात वाढलेली, बी.ए. झालेली आणि स्वभावानं तेव्हा बरीच तिखट. आता वयानं नुसती आंबट उरले आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणी आडनाव विचारील, जेवलात का विचारील, लग्न का नाही झालं हे तर विचारीलच, एवढी तयारी करून आले होते. गाईची तयारी नव्हती. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, “मी शिकवायला आले आहे.”

“हाव, ते समजलं मले,” असं म्हणून त्यानं माझी ट्रंक डोक्यावर घेतली. “पण आमच्या शाळेत जो येते तो गाय घेऊन येते. तुमाले कोनी सांगतलं नसन.”

हे पुंजाजी. त्यांच्यासोबत मी आठ वर्षं काढली आणि त्यातली पहिली दोन त्यांच्यावर चिडण्यात गेली.

आमचा आश्रम लोणारच्या बाजूला, सुलतानपूरच्या पुढं काही कोसांवर, उघड्या माळावर होता. एक लहानसं मंदिर, त्याला लागून आश्रम चालवणाऱ्या स्वामीजींची खोली, एक स्वयंपाकघर, आणि या सगळ्यांपेक्षा मोठा असा सहा खणांचा दगडी गोठा. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं आणि जो तो काहीतरी काढायच्या मागं होता. स्वामीजींनी शाळा काढली. पाचवी भरायची मंदिराच्या मंडपात, सहावी स्वयंपाकघराच्या ओसरीत, आणि सातवी-आठवी गोठ्यात. गोठ्याचे दोन खण वर्गांचे, चार गाईंचे, आणि मध्ये बांबूचा एक तट्ट्या. आश्रमाच्या कागदांवर पुंजाजी होते ‘गोशाळा सेवक’. प्रत्यक्षात शाळेत मुलं भरती करण्याचं सगळं खातं त्यांच्या एकट्याकडं होतं, आणि ते त्यांना कोणीही दिलेलं नव्हतं.

ते कसं झालं ते सांगते. दूध आटलेली म्हातारी गाय, म्हणजे भाकड गाय, हा आमच्या भागात घरोघरचा अवघड प्रश्न. पोसणं परवडत नाही, आणि घरातली म्हातारी माणसं बाजारात नेऊ देत नाहीत. मग आश्रमाला दान देणं सगळ्यात सोयीचं. गायही सुटते आणि वर पुण्यही लागतं. पहिली काही वर्षं आश्रमानं अशा गाई मुकाट्यानं बांधून घेतल्या. मग गोठा पुंजाजींच्या हाती आला आणि त्यांनी कोणालाही न विचारता एक अट घातली. गाय घेऊ, पण तिच्यासंगं घरातलं एक लेकरू शाळेत पाठवायचं.

“निस्ती गाय घेऊन आमी काय तिले पाढे शिकवावं काय?” असं ते दात्याला विचारत.

अटीचा दुसरा भाग आणखी बेरकी होता. ज्याची गाय त्यानं रोज शाळेत येताना तिच्यासाठी एक पेंढी आणायची. पावसाळ्यात हिरव्या गवताची, उन्हाळ्यात कडब्याची. सकाळी प्रार्थनेला मुलं रांगेनं उभी राहायची तेव्हा प्रत्येकाच्या पायाशी एकेक पेंढी असे आणि तट्ट्यापलीकडं गाई हंबरून हंबरून जीव द्यायच्या. स्वामीजी डोळे मिटून शांतिमंत्र म्हणत. तो मंत्र आमच्या शाळेत कोणाला शेवटपर्यंत ऐकू आल्याचं मला आठवत नाही.

ही पेंढीची भानगड कशासाठी, ते मला शेजारच्या गावातल्या अनसूयाआजींच्या घरी कळलं. पुंजाजींनी मला सोबत नेलं होतं, कारण बाई संगं असली की पोरींचे बाप नरम पडतात असा त्यांचा अनुभव होता. आजींची कपिला गाय म्हातारी झाली होती आणि मुलगा ती द्यायला तयार होता. लेकरू म्हणून त्यानं पुढं केला तीन वर्षांचा नागडा पोरगा. पुंजाजींनी त्याच्या गालाला हात लावला आणि कडेवर त्याला घेऊन उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या वत्सलाकडं बोट दाखवलं.

“हे पाह्यजे.”

“पोरगी घरी लागते, पुंजाजीभाऊ. दोन गाई घेऊन जा, पण पोरगी मागू नका.”

पुंजाजींनी वाद घातला नाही. कपिलेच्या गळ्यातलं दावं त्यांनी शांतपणे मुलाच्या हातात परत दिलं आणि विचारलं, “बाजार कोनत्या वारी भरते तुमचा?”

घरातून अनसूयाआजी अशा बाहेर आल्या की मी दोन पावलं मागं झाले. “कोनी घेतलं बाजाराचं नाव? त्याच दोरीनं मले बांध, आन मले बी तठी उभी कर. पाहू किती भाव येते तुह्या मायचा!”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला वत्सला पेंढी घेऊन हजर होती. खरी गंमत पुढंच. संध्याकाळी ती घरी गेली की आजी तिची उलटतपासणी घेत. कपिलेनं खाल्लं काय? कान हलवले काय? डोळ्याला पाणी येत होतं ते थांबलं काय? शाळा बुडवली तर उत्तरं कुठून देणार? एकदा पोरीनं खोटंच सांगून पाहिलं. दुसऱ्या सकाळी आजी काठी टेकत स्वतः आश्रमात आल्या, आधी गाईला भेटल्या आणि मग त्यांनी नातीला झोडपलं. मुलांनी शाळा बुडवू नये म्हणून मी शिक्षकांच्या बी.टी. परीक्षेला बालमानसशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक वाचलं होतं. त्यात आजीचा उल्लेख नव्हता.

आता यातला घोळ बघा. पोरं वाढली तशा गाई वाढल्या. पोरांना वर्ग हवा, गाईंना गोठा हवा, आणि दोन्हींची जागा एकच. हेडमास्तर वाशिमकडचे, शिस्तीचे, गणिताचे. ते दर पंधरवड्याला स्वामीजींना समजावत की या माणसानं आणखी थोडी मुलं आणली तर आपली शाळा गाईंमुळं बंद पडेल. स्वामीजी हसत. पुंजाजींना हे कळलं की ते म्हणत, “मास्तर हुशार हायेत, पण त्याईले गाय ओळखता येत नाही.”

पुंजाजींना मात्र कपाट, खडू, घंटा, नकाशा यातलं काहीही पवित्र वाटत नसे. नव्या महाराष्ट्राचा एक मोठा रंगीत नकाशा आमच्या शाळेला मिळाला. मी तो आठवीच्या वर्गात तट्ट्याला अडकवला. भूगोलाचा तास सुरू झाला, मी मुलांकडं तोंड करून सह्याद्रीबद्दल बोलत होते, आणि मुलं हसू दाबत होती. वळून पाहते तो तट्ट्याच्या फटीतून चांदी नावाच्या गाईचं तोंड बाहेर आलेलं, आणि तोंडात मुंबईपासून खाली सगळं कोकण. मी किंचाळले. पुंजाजी धावत आले. त्यांनी चांदीच्या तोंडातून रत्नागिरीचा तुकडा ओढून काढला, बंडीला पुसला आणि माझ्या हातात दिला.

“समुद्राकडून खाल्लं बाई. मीठ आवडते तिले.” मग उरलेल्या नकाशाकडं पाहून म्हणाले, “आपला बुलढाना कोठी हाय यात? शाबूत हाय ना?”

मी बुलढाण्यावर बोट ठेवलं. त्यांनी समाधानानं मान हलवली. कोकणचं दुःख त्यांना कधीच झालं नाही.

या माणसाजवळ एक वही होती. बंडीच्या खिशात राहून तिला घामाचा वास लागलेला. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाचं त्यात एक पान, आणि पानावर एकही अक्षर नाही. फक्त शिंगं. आडवी शिंगं, वर उठलेली शिंगं, एक मोडलेलं आणि एक शाबूत, आत वळलेली, कानामागं गेलेली. ज्या मुलाची जी गाय, तिची शिंगं त्याच्या पानावर. मुलगा गैरहजर राहिला की शिंगांखाली एक ठिपका. हेडमास्तरांच्या हजेरीपटात कधीमधी चूक निघे. या वहीत निघत नसे.

पुंजाजींना काही वाचायला दिलं, मग ते पोस्टकार्ड असो की औषधाची चिठ्ठी, ते खिसे चाचपत आणि म्हणत, “चष्मा खामगावले दुरुस्तीले हाय.” मी गेले त्या वर्षी तो खामगावला होता. पुढल्या वर्षीही होता. खामगावात चष्मे दुरुस्त करणारा कोण एवढा आळशी माणूस आहे, त्याला एकदा जाऊन झापलं पाहिजे, असं मी मनापासून ठरवलं होतं. शिंगांची वही ही मला त्यांची एक हौस वाटे. माणूस गाईंचा वेडा, म्हणून चित्रं काढतो. इतकी मी हुशार.

मग माझ्या दुसऱ्या वर्षी जूनमध्ये सुशीला आली.

तिचे वडील भिवाजी रस्त्याच्या कामावर मुकादम होते. इस्त्रीचा सदरा, हातात चौथी पास झाल्याचा दाखला, मागं तेल लावून घट्ट वेणी घातलेली मुलगी. पुंजाजी दारातच होते. त्यांनी सवयीनं दोघांच्या मागं पाहिलं.

“गाय?”

“गाय नाही,” भिवाजी म्हणाले. “आन असती तरी देल्ली नसती. आमी बौद्ध झालो. ते दान-पुन्य सोडलं आमी. पोरगी आणली, दाखला आणला. शाळेत यापेक्षा जास्त काय लागते?”

पुंजाजींना राग आला असता तर बरं झालं असतं. ते पार गोंधळले. त्यांनी वही काढली, कोरं पान उघडलं, पेन्सिल हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. “तसं काही लागत नाही जी,” ते म्हणाले. “पण मंग मी या पोरीची आठवन कशी ठेवू?”

सुशीलेनं वहीत डोकावून पाहिलं. “माहं नाव लेहा ना. सुशीला.”

पुंजाजींनी खिसे चाचपले. मला पुढचं वाक्य पाठ होतं. पण त्या दिवशी ते बोलले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी त्या कोऱ्या पानाचा कोपरा दुमडला आणि वही मिटली, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. खामगावात कोणीही चष्मा दुरुस्त करत नव्हतं. पोरं गोळा करत गावोगाव फिरणाऱ्या या माणसाला स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी भिवाजींच्या हातातून दाखला घेतला आणि घाईघाईनं काहीतरी बोलत सुटले. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पुंजाजींनी सुशीलेला चांदी देऊ केली. म्हणाले, तुही नाही तर नाही, शाळेची समज, आन रोज पेंढी आण. ती म्हणाली, “मी गवत नाही आणनार. मी शिकाले येते.” हेडमास्तरांना शिस्तीची काळजी पडली. स्वामीजी म्हणाले, तिनं पाटी आणली आहे, पुरे. पाण्याच्या माठापाशी त्या दिवशी दोघी-तिघी मुली मागं सरकल्या. पुंजाजींनी माठातून पाणी काढून आधी सुशीलेला दिलं, मग त्याच पेल्यानं स्वतः प्यायले, आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा ढेकर दिला. मुली हसत सुटल्या आणि रांगेत आल्या. त्यानंतर ती रोज येऊ लागली. तिचं गाव आश्रमापासून चांगलं लांब होतं, बसच्या रस्त्यानं सरळ पुढं. प्रार्थनेला तिच्या पायाशी काही नसे.

दोन वर्षं गेली. अनसूयाआजींची वत्सला आठवीत आली, सुशीला सातवीत. आमच्याकडं नववी नव्हती, आणि नववी म्हणजे हायस्कूल. जवळ कुठंच हायस्कूल नाही, आणि लांब मुलींना पाठवणार कोण? आठवी झाली की वत्सला आणि तिच्यासोबतच्या साऱ्या मुली घरी बसणार हे उघड होतं. आश्रमानं नववीसाठी अर्ज केला आणि शिक्षण खात्याचे साहेब जीपनं तपासणीला आले.

साहेब मोठे गोड होते. हेडमास्तरांनी त्यांना हजेरीपट दाखवला. पुंजाजींनी, कोणी न सांगता, आपली वही दाखवली. साहेबांनी दोन पानं उलटली. “हे जनावरांचं रजिस्टर आहे का?”

“नाही साहेब, पोट्ट्याईचं हाय. हे पाहा, हे आडवे शिंगं. वत्सला, वर्ग आठवी, गाय कपिला, गणितात कच्ची, आजी खडूस.”

साहेबांना मजा वाटली. त्यांनी वही कुठंही उघडावी आणि बोट ठेवावं, पुंजाजींनी मुलाचं नाव, गाव, वर्ग आणि खोडी सांगावी. एकही चुकलं नाही. साहेब खूश होऊन गोठ्यात आले. तिथं चांदीनं तट्ट्यातून तोंड काढून त्यांची फाइल हुंगली.

शेरा दुसऱ्या आठवड्यात आला. नववी मंजूर. मात्र शाळेच्या इमारतीत जनावरं नकोत आणि नववीला स्वतंत्र खोली हवी. जूनपर्यंत हे झालं नाही तर मंजुरी रद्द. जीपमध्ये बसताना साहेबांनी पुंजाजींना बाजूला घेऊन विचारलं होतं, आमच्या आईची एक म्हातारी गाय आहे, आश्रमात जागा होईल का? पुंजाजी म्हणाले, “होईन ना. पोरगं कितवीत हाय तुमचं?” साहेबांनी ड्रायव्हरला जीप काढायला सांगितलं. त्यांचा मुलगा बुलढाण्याला चांगल्या शाळेत होता.

गाईंसाठी जागा होती. तीन मैलांवर, त्याच बसच्या रस्त्याला लागून, आश्रमाचं एक शेत होतं. विहीर होती, झोपडी होती. पण गाई पुंजाजींशिवाय कोणाचं ऐकत नसत, म्हणजे त्यांनाही तिथंच जाऊन राहावं लागणार. शाळा सुटणार. त्यांना याचं दुःख होतं का, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते वेगळंच म्हणत.

“गाई गेल्या का पोट्टे गेले. लेहून ठेवा.”

आणि ते त्यांना खरोखरच वाटत होतं. पेंढी नाही तर आजी विचारणार नाही, आजी विचारणार नाही तर पोर येणार नाही. हेडमास्तरांनी समजावलं, मी भांडले. स्वामीजी हुकूम करायला तयार नव्हते. म्हणाले, गाई त्यांनी बांधल्या, सोडायच्याही त्यांनीच. मार्च गेला, एप्रिल उजाडला. वत्सला मला रोज विचारी, “बाई, नववी निघन ना?” मी तिला काय सांगू? एवढ्या मुलींचं शिक्षण एका हट्टी म्हाताऱ्याच्या दाव्याला बांधलेलं होतं.

एका दुपारी शाळा सुटल्यावर पुंजाजी माझ्या वर्गात आले. हातात वही. मला पुराव्यासकट गप्प करायला आले होते.

“बाई, तुमी शिकेल हा. पाहा मंग. ही कपिला. चार वर्साचे ठिपके किती, तर एवढेशे. हा ढवळीवाला. बापाचं लगन होतं, सॉरी, काकाचं, तवाचे दोन, आन हे तापाचे. असे पोट्टे कोन्या शाळेत येतात? गाईच्यापायी येतात.”

“सॉरी” हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता आणि तो ते वाटेल तिथं वापरत. एकेक पान उलटत ते मला ठिपके दाखवत गेले. मग कोपरा दुमडलेलं पान आलं. त्यावर शिंगं नव्हती. ठिपकेही नव्हते. पुंजाजी थांबले. त्यांनी पान उजेडाकडं धरून पाहिलं.

“हिचे ठिपके माह्या हातून द्याचे राह्यले काय?”

मी कपाटातून माझा हजेरीपट काढला, मागच्या दोन वर्षांचेही काढले, आणि सुशीलेच्या ओळीवरून बोट फिरवत गेले. “नाही राहिले. ती एक दिवसही चुकली नाही. नाल्याला पूर आला होता त्या दिवशी तुम्ही स्वतः अर्ध्या शाळेला ठिपके दिलेत. ती बापाच्या खांद्यावर बसून आली होती.”

“आन गाय नाही तिची.”

“नाही.”

“मंग येते कायच्यापायी?”

“शिकायला,” मी म्हटलं.

जरा तिखटपणेच म्हटलं, आणि म्हटल्यावर जीभ चावली. पुंजाजी बाकावर बसले. मुलांच्या बाकावर त्यांचे गुडघे छातीला लागत होते. पलीकडं चांदी रवंथ करत होती. त्या पानाचा कोपरा त्यांनी पुन्हा घट्ट दुमडला, मग ते उठले आणि वही खिशात टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असतानाच त्यांनी गोठ्याची दावी सोडली. एकामागं एक गाई मुलांच्या रांगेसमोरून निघाल्या. मुलांनी पायाशी ठेवलेल्या पेंढ्या उचलून त्यांच्या तोंडाशी धरल्या. वत्सला कपिलेच्या गळ्याला मिठी मारून रडली. शेवटी पुंजाजी, डोक्यावर स्वतःचं गाठोडं. हेडमास्तरांनी त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, “मास्तर, आता तरी गाय ओळखाले शिका,” आणि रस्त्याला लागले. स्वामीजींनी त्या दिवशी मंत्र शेवटपर्यंत म्हटला, आणि तो आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

जूनमध्ये नववी भरली. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी हजर झाली चांदी. तीन मैल चालत आली आणि नववीच्या दारात उभी राहिली, जणू फी भरलेली. वर्गाला दोन वर्षं गोठ्याचा वास येत होता आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. पोरं गेली नाहीत. पुंजाजी आठवड्यातून एकदा येत आणि मला विचारत, “किती आले?” मी सांगे, सगळे आले. “बरं झालं,” ते म्हणत, पण त्यांना एखाद-दुसरा कमी आला असता तर आवडलं असतं, हे मला दिसत होतं. मी एकदा खोटंच सांगितलं, दोघं नाही आले. त्यांचा चेहरा खुलला आणि त्याच पावली ते त्या दोघांची नावं विचारून त्यांच्या गावाला निघाले. त्यांना परत बोलावताना माझी पुरेवाट झाली.

मग दहावी निघाली, अकरावी निघाली. दगडी गोठ्यावर मजला चढला. सुशीला मॅट्रिकला बसली त्या वर्षी मला अकोल्याला नोकरी मिळाली आणि मी आश्रम सोडला. आदल्या दिवशी पुंजाजींना निरोप पाठवला होता, पण ते आले नाहीत. मी रुसूनच बसमध्ये बसले.

बस तीन मैलांवर शेतापाशी आली आणि थांबा नसताना थांबली. कंडक्टर आमच्याच शाळेचा, पुंजाजींच्या वहीतला तो ढवळी गाईवाला. रस्त्याच्या कडेला पुंजाजी उभे होते. खूप वाळले होते. मागं बांधावर कपिलेखेरीज बाकीच्या म्हाताऱ्या गाई. ते माझ्या खिडकीपाशी आले आणि त्यांनी वही आत दिली. कोपरा दुमडलेलं पान मी उघडलं.

पानभर, कोळशानं आधी लिहून मग पेन्सिलीनं गिरवलेली, एकमेकांपासून लांब लांब उभी असलेली तीन अक्षरं होती. सुशीला.

“कोणी शिकवलं?”

“तिनंच. शाळा सुटल्यावर घरी जाताना रोज थांबे घडीभर. चुलीच्या राखीत काडीनं गिरवून घे माह्याकडून.” मग जरा ओशाळून म्हणाले, “बाकीच्याईचे शिंगं हायेत, बाई. हिचे नव्हते. करू काय मंग?”

मी पुढची पानं उलटली. पुढं सगळी शिंगंच होती, नवीही होती. दुसरं एकही अक्षर नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते लपवायचं नव्हतं. तरी स्वभाव जात नाही. मी वही परत दिली आणि म्हटलं, “म्हणजे चष्मा आला वाटतं खामगावहून?”

कंडक्टरनं घंटी दिली. पुंजाजींनी वही बंडीच्या खिशात ठेवली, वरून हात फिरवला आणि बससोबत चार पावलं चालत आले.

“आला ना,” ते म्हणाले. “पण एका नावापुरताच दुरुस्त करून देल्ला त्यानं.”